बॉल कोण आणणार?

ऑक्टोबर १९८५ मध्ये लग्न होऊन मी नागपूरहून मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला आले. इंग्रजीत नऊ अक्षरं लिहायची आणि तोंडाने ‘वुस्टर’ एवढंच म्हणायचं, असं हे गाव, बॉस्टनच्या पश्चिमेला साधारण पासष्ट किलोमीटरवर. हिवाळ्यात साडेचारला अंधार पडायचा. घरात एक जुना टीव्ही होता आणि त्यावर बॉस्टन सेल्टिक्सचे बास्केटबॉलचे सामने लागायचे. त्या हंगामात सेल्टिक्स घरच्या मैदानावर ४१ सामने खेळले आणि एकच हरले. सगळं गाव लॅरी बर्डकडे बघायचं. माझी नजर मात्र बॉल घेऊन येणाऱ्या माणसावर, डेनिस जॉन्सनवर असायची. तो कधी घाईत दिसला नाही. पलीकडे जाईपर्यंत कुणाचा पाय कुठे पडतोय ते त्याने हेरलेलं असायचं. मला ते दिसायचं, कारण नागपूरच्या सिमेंटच्या कोर्टवर चार वर्षं मी तेच काम केलं होतं.

बेंचजवळ सेल्टिक्सचे कोच के. सी. जोन्स उभे असत. शांत, सूट घातलेले, आवाज क्वचितच चढवणारे. पुढे मला लायब्ररीत काम मिळालं. तिथे दारावर बसणारे एक वयस्क आयरिश गृहस्थ होते. ते एकदा मला म्हणाले, “तुझा तो कोच आहे ना, १९६३ साली बॉस्टनमधली सगळ्यात अवघड नोकरी त्याच्या वाट्याला आली होती. बॉब कूझीची, बॉल आणायची जागा.”

हे वाक्य मला लागलं, त्याला कारण होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आमच्या टीमला पहिल्या पाचात पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणणारी, कोण, याचा निकाल पूर्ण हंगामभर लागला नव्हता. मी होते आणि धंतोलीची माझी एक मैत्रीण होती. माझे पास बघायला लोक कोर्टच्या कडेला थांबायचे. ती पास साधेच द्यायची, पण समोरच्या टीमच्या पोरीला बॉल घेऊन अर्धं कोर्ट ओलांडू द्यायची नाही. सर एका सामन्यात मला उतरवत, दुसऱ्यात तिला. शेवटी राज्य स्पर्धेच्या सकाळी त्यांनी तिचं नाव वाचलं. “काहून सर?” एवढंच माझ्या तोंडून निघालं. सरांनी उत्तर दिलं नाही. ते उत्तर मी पुढे कित्येक वर्षं बॉस्टनच्या जुन्या वर्तमानपत्रांत शोधत होते, असं म्हटलं तर खोटं नाही.

मुळात गार्ड म्हणजे राखणदार. डिसेंबर १८९१ मध्ये वुस्टरच्याही पश्चिमेला, स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नायस्मिथ यांनी पीचच्या दोन टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या आणि तेरा नियम लिहिले. वर्गात अठरा मुलं होती, म्हणून एका बाजूला नऊ: तीन फॉरवर्ड, तीन सेंटर, तीन गार्ड. बॉल हातात घेऊन धावायची मुभा नव्हती, आणि ड्रिबल हा प्रकारच त्या तेरा नियमांत नाही. म्हणजे गार्डने आपल्या टोपलीजवळ थांबायचं, समोरच्याला अडवायचं आणि बॉल मिळाला की पुढे फेकायचा. खेळ चालवणं हे त्याचं काम नव्हतंच. पुढे ड्रिबल आला, माणसं नवावरून पाचावर आली, आणि मागे उभ्या असलेल्या राखणदाराच्या हातात हळूहळू सगळा कारभार गेला. यादीत मात्र तो नुसता ‘गार्ड’च राहिला. ‘पॉइंट गार्ड’ हे नाव फार उशिरा रुळलं. आजही टीमला ती जागा भरताना गोंधळ पडतो, त्याचं मूळ मला इथेच दिसतं. एकाच माणसाकडून दोन कामं हवी असतात, आणि दोन्ही सारखीच चांगली करणारा माणूस फार क्वचित जन्माला येतो.

बॉब कूझीचा जन्म न्यूयॉर्कचा, १९२८ चा. आईवडील फ्रान्सहून आलेले. तेरा वर्षांचा असताना तो झाडावरून पडला, उजवा हात मोडला, आणि हात गळ्यात असेपर्यंत डाव्या हाताने खेळत राहिला. दोन्ही हात सारखे चालायला लागले ते असे. उंची सहा फूट एक इंच. वुस्टरच्या होली क्रॉस कॉलेजात तो आला आणि पहिल्याच वर्षी, १९४७ साली, कॉलेजने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. शिकागोच्या लोयोला कॉलेजविरुद्ध बॉस्टन गार्डनमध्ये त्याने बॉल पाठीमागून फिरवून दुसऱ्या हातात घेतला आणि पुढे निघून गेला. त्या काळी असं कुणी करत नसे. केलं तर त्याला शिस्त नाही म्हणत.

१९५० सालचे सेल्टिक्स म्हणजे बुडायला आलेलं दुकान. मालक वॉल्टर ब्राउन यांनी १९४६ साली टीम काढली होती आणि १९४९-५० च्या हंगामात ती २२ सामने जिंकून ४६ हरली होती. त्यांनी नवे कोच आणले, रेड ऑरबाख. वुस्टरला शिकलेला कूझी घ्या, लोक त्याला बघायला येतील, असा वर्तमानपत्रांचा आग्रह होता. ऑरबाख यांनी पत्रकारांसमोरच विचारलं, की मी जिंकायला आलोय की गावच्या लोकांना खूश करायला? त्या वर्षीच्या निवड-सभेत त्यांनी पहिली निवड केली चक शेअर नावाच्या सहा फूट अकरा इंच उंचीच्या सेंटरची. तो शेअर बॉस्टनकडून एकही सामना खेळला नाही. (त्याच निवड-सभेत बॉस्टनने चक कूपरला घेतलं, एनबीएत निवडला गेलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. पुढे उत्तर कॅरोलायनातल्या रॅली शहरात हॉटेलने कूपरला खोली नाकारली, तेव्हा टीमला मागे सोडून कूझी त्याच्याबरोबर रात्रीच्या गाडीने निघाला. कूझीविषयी बोलताना लोक पास मोजतात. मला ही रात्र आधी आठवते.)

कूझीला निवडलं ट्राय-सिटीज ब्लॅकहॉक्सने. वुस्टरमध्ये ड्रायव्हिंग शाळा काढायचं त्याच्या मनात होतं, म्हणून गाव सोडायचे त्याने दहा हजार डॉलर मागितले. मालकाने सहा हजार सांगितले. तो गेला नाही. त्याचे हक्क शिकागो स्टॅग्जकडे गेले आणि हंगाम सुरू व्हायच्या आतच ती टीम मोडली. तिचे खेळाडू इतरांत वाटताना तीन गार्ड उरले: मॅक्स झास्लोफ्स्की, अँडी फिलिप आणि कूझी. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि बॉस्टन तिघांनाही झास्लोफ्स्की हवा होता. भांडण मिटेना, तेव्हा ऑक्टोबर १९५० मध्ये तीन चिठ्ठ्या टोपीत टाकल्या. टोपी सिराक्यूज टीमचे मालक डॅनी बियासोन यांची होती म्हणतात. झास्लोफ्स्की न्यूयॉर्कला गेला, फिलिप फिलाडेल्फियाला. ब्राउन यांच्या हातात उरली ती कूझीची चिठ्ठी.

कोचने नाकारलेला, दोन टीमांकडून फिरून आलेला आणि चिठ्ठीत उरलेला हा मुलगा नऊ हजार डॉलरवर बॉस्टनला आला. त्या हंगामात टीम ३९ जिंकली आणि ३० हरली. सुरुवातीला त्याचे पास सोबत्यांच्या छातीवर आणि तोंडावर आदळायचे, कारण आपल्याकडे बॉल येईल असं कुणाला वाटतच नसे. पंगतीत चांगला वाढपी हाक मारायच्या आत पानाशी येतो, तसं त्याचं होतं. इथे पानावर बसलेल्यांनाच त्याची सवय करून घ्यावी लागली. ऑरबाख यांनी त्याला बदलायला सांगितलं ते एवढंच, की पास कसाही दे, समोरच्याने तो पकडला पाहिजे. मला या वाक्यात कोच म्हणून त्यांचं सगळं मोठेपण दिसतं. ज्याला नको म्हटलं होतं त्याला आपल्या साच्यात बसवायचा हट्ट त्यांनी धरला नाही.

त्या वेळी शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक वेळात शॉट घ्यायला लावणारं घड्याळ, नव्हतं. पुढे असलेली टीम बॉल धरून बसायची आणि मागची फाउल करत सुटायची. २१ मार्च १९५३ रोजी सिराक्यूजविरुद्धचा प्लेऑफ सामना चार वेळा जादा वेळेत गेला. कूझीने ५० गुण केले आणि त्यातले ३० फ्री थ्रोवर, ३२ प्रयत्नांत. लायब्ररीत त्या सामन्याचा तक्ता वाचताना मला कौतुकाबरोबर कंटाळाही जाणवला. हा खेळ होता की शिट्ट्यांची मोजणी? १९५४ साली बियासोन यांनी लीगच्या गळी चोवीस सेकंदांचं घड्याळ उतरवलं. हिशोब साधा: चांगल्या सामन्यात दोन्ही टीम मिळून १२० च्या आसपास शॉट होतात, सामना ४८ मिनिटांचा म्हणजे २,८८० सेकंदांचा, भागाकार चोवीस. बॉल आणणाऱ्याचं काम त्या दिवसापासून वेगळं झालं. आता त्याला ठरवायला वेळ नव्हता, म्हणून ठरवणारा चांगला हवा. १९५३ ते १९६० असे सलग आठ हंगाम असिस्टमध्ये कूझी पहिला होता. १९५६ साली बिल रसेल आला, तो रिबाउंड घेई, कूझीकडे बॉल देई, आणि समोरचे वळून बघेपर्यंत बास्केट झालेलं असे. १९५७ चं विजेतेपद, नंतर १९५९ पासून ओळीने पाच.

१७ मार्च १९६३ रोजी बॉस्टन गार्डनमध्ये त्याचा निरोप झाला. सात मिनिटांचं लिहून आणलेलं भाषण वीस मिनिटं चाललं, कारण त्याला रडू आवरत नव्हतं. सगळं गार्डन गप्प असताना वरच्या रांगांतून एका माणसाने आमचं तुझ्यावर प्रेम आहे, अशी हाक दिली. लायब्ररीच्या दारावरचे ते आयरिश गृहस्थ (मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणायचे) त्या दिवशी तिथे होते. सांगताना ते चष्मा काढायचे. २४ एप्रिलला लॉस एंजेलिसमध्ये शेवटचा सामना झाला. चौथ्या क्वार्टरमध्ये कूझीचा घोटा मुरगळला, तो बाहेर गेला, आघाडी वितळायला लागली, तो परत आला. बॉस्टन ११२-१०९ असं जिंकलं. शेवटच्या सेकंदांना बॉल त्याच्याच हातात होता. त्याने तो छताकडे भिरकावून दिला.

आणि मग उन्हाळा. बॉल कोण आणणार?

के. सी. जोन्स तेव्हा एकतीस वर्षांचा होता. जन्म टेक्ससचा. रसेलबरोबर सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाकडून १९५५ आणि १९५६ ची विजेतेपदं, मेलबर्न ऑलिंपिकचं सुवर्ण, मग दोन वर्षं सैन्यात. १९५८ साली तो बॉस्टनला आला. उंची कूझीएवढीच, सहा फूट एक इंच. पाच वर्षं तो कूझीच्या मागे बेंचवर होता. त्याचा शॉट कच्चा, हे सगळ्यांना ठाऊक. पाठीमागून पास देणं त्याच्या स्वभावात नव्हतं. शिवाय तो कृष्णवर्णीय होता आणि जागा बॉस्टनच्या सगळ्यात लाडक्या गोऱ्या खेळाडूची होती. रसेल असूनही त्या वर्षांत गार्डन एरवी पूर्ण भरत नसे, हे ध्यानात घेतलं की त्या जागेवर उभं राहणं काय होतं याची कल्पना येते. कूझीशिवाय ही टीम संपली, असं म्हणणारे पुष्कळ होते.

ऑरबाख यांनी दुसरा कूझी शोधला नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ‘पहिले पाच’ या शब्दांची त्यांना तशीही फारशी मातब्बरी नव्हती. फ्रँक रॅम्झीसारखा उत्तम खेळाडू ते मुद्दाम बेंचवरून उतरवत, पुढे जॉन हॅव्हलिचेकला तसंच वापरलं. सुरुवात कुणी करायची हा मानपानाचा प्रश्न नसून कामवाटणीचा आहे, असं ते मानत. के. सी.ला त्यांनी कूझीचं काम दिलंच नाही. बॉल साधेपणाने आणायचा, रसेल, सॅम जोन्स, हॅव्हलिचेक यांना द्यायचा, आणि आपली खरी ताकद समोरच्या गार्डवर खर्च करायची. गार्डचा मूळ अर्थ जणू परत आला. १९६३-६४ मध्ये टीमचे गुण कमी झाले, पण समोरच्यांचे त्याहून कमी झाले. कूझीच्या शेवटच्या हंगामात ५८ विजय होते, या हंगामात ५९. पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत समोर ऑस्कर रॉबर्टसन होता, त्या काळचा सगळ्यात पूर्ण गार्ड. बॉस्टनने ती फेरी ४-१ अशी जिंकली, आणि नंतर विल्ट चेंबरलेनच्या सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धची अंतिम फेरीही ४-१ अशीच. के. सी.ची सरासरी होती सामन्याला आठ गुणांच्या आसपास.

पुढच्या हंगामात, २६ डिसेंबर १९६४ ला, टॉम हाइन्सन जखमी होता म्हणून विली नॉल्स पहिल्या पाचात आला. रसेल, सॅम जोन्स, के. सी. जोन्स, सॅच सँडर्स, नॉल्स. एनबीएच्या इतिहासात पाचही कृष्णवर्णीय खेळाडूंनी सुरुवात केल्याची ही पहिली वेळ. बॉल के. सी.च्या हातात होता.

इथून पुढचं भराभर सांगते, पण एक धागा सोडवत नाही. १९६३ च्या त्या दोन माणसांनी पुढे बॉस्टनला एकेक पॉइंट गार्ड दिला. कूझी सिनसिनाटीचा कोच असताना १९७० साली त्याच्या टीमने नेट आर्चिबाल्डला निवडलं. १९७२-७३ मध्ये कूझीच्याच हाताखाली आर्चिबाल्ड गुणांत आणि असिस्टमध्येही लीगमध्ये पहिला आला. हाच आर्चिबाल्ड १९८१ साली बॉस्टनचा पॉइंट गार्ड होता, विजेतेपदासह. १९८३ साली के. सी. बॉस्टनचे मुख्य कोच झाले आणि त्याच उन्हाळ्यात फिनिक्सहून डेनिस जॉन्सन आला, ज्याची ख्याती मुळात बचावाची. १९८४ च्या अंतिम फेरीत मॅजिक जॉन्सनला अडवायचं काम चौथ्या सामन्यापासून त्याच्याकडे दिलं गेलं आणि बॉस्टन सात सामन्यांत जिंकलं. म्हणजे माझ्या जुन्या टीव्हीवर मी जे बघत होते ते के. सी.चंच काम होतं, दुसऱ्या माणसाच्या पायांनी केलेलं. मधल्या काळात जो जो व्हाइट होता. जून १९७६ मध्ये फिनिक्सविरुद्ध तीन जादा वेळांच्या सामन्यात तो साठ मिनिटं खेळला. त्याच्यावर कुणी वेगळा लेख लिहावा.

२००७ साली हा प्रश्न पुन्हा जसाच्या तसा आला. केव्हिन गार्नेट आणि रे अॅलन आले, पॉल पिअर्स होताच, आणि बॉल आणायला एकवीस वर्षांचा रॅजॉन रोंडो, ज्याचा शॉट कच्चा. वुस्टरच्या किराणा दुकानातसुद्धा लोक याच्यावर वाद घालत होते. मार्च २००८ मध्ये टीमने खात्रीसाठी अडतीस वर्षांच्या सॅम कॅसेलला आणलं. पण सुरुवात रोंडोच करत राहिला. १७ जून २००८ रोजी लेकर्सविरुद्ध १३१-९२ अशा शेवटच्या सामन्यात त्याचे २१ गुण, ८ असिस्ट आणि ६ स्टील होते. त्यानंतर कायरी अर्व्हिंग आला नि गेला, केंबा वॉकर आला नि गेला. मार्कस स्मार्टला २०२१ साली ती जागा मिळाली. २०२२ चा सर्वोत्तम बचावपटूचा मान त्याला मिळाला आणि २०२३ मध्ये त्यालाही पाठवून दिलं. मग डेरिक व्हाइट आणि ड्रू हॉलिडे यांनी ते काम वाटून घेतलं. दोघंही आधी बचाव करणारे. १७ जून २०२४ ला बॉस्टनचं अठरावं विजेतेपद झालं.

मागच्या वर्षी नागपूरला गेले, तेव्हा धंतोलीच्या मैत्रिणीकडे जेवले. तिला मी के. सी.ची सगळी गोष्ट सांगितली. सरांनी त्या सकाळी बरोबर निवड केली होती, हेही सांगितलं. ती म्हणाली, “तू उतरल्यावरच आपण पुढे गेलो होतो, विसरलीस का?” मी खरंच विसरले होते. त्या राज्य स्पर्धेत ती सुरुवात करायची आणि मी दुसऱ्या हाफला उतरायचे, हे मला पन्नास वर्षं अपमान म्हणूनच लक्षात राहिलं होतं.

आपल्याकडून मुलाबाळांना भेटायला बॉस्टनला येणारे आईवडील हार्वर्ड बघतात, बंदर बघतात. एक दिवस काढून स्प्रिंगफील्डलाही जा. तिथल्या हॉल ऑफ फेममध्ये कूझीला १९७१ साली घेतलं. वुस्टरमध्ये त्याचा पुतळाही उभा आहे. के. सी. जोन्सला हॉल ऑफ फेममध्ये यायला १९८९ उजाडलं. २०२० च्या नाताळच्या दिवशी तो गेला. खेळाडू म्हणून नऊ हंगाम, सामन्याला ७.४ गुण, आठ विजेतेपदं.